सासू-सासरे लंडनहून पॅरिस-स्विसला जाणार: ईईएस, ईटियास, ईटीए यातलं नक्की कुणाला काय लागतं?

कृष्णाकाठ_रेडिंग:

नमस्कार मंडळी. खूप दिवसांनी इथे लिहितेय, कारण डोकं पार भंजाळलंय. आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. येत्या मे 2026 मध्ये सासू-सासरे सांगलीहून येणार आहेत, आणि मे-अखेरच्या हाफ टर्मला (शाळेच्या मधल्या सुट्टीत) सगळ्यांनी मिळून आधी युरोस्टार ट्रेनने पॅरिस, तिथून ट्रेनने स्वित्झर्लंड आणि झुरिकहून विमानाने परत लंडन असा बेत आहे. न्यू जर्सीहून नणंद आणि तिची मुलगी पण लंडनला येऊन आम्हाला जॉइन होणार.

आता अडचण अशी की घरात सगळ्यांचे पासपोर्ट वेगवेगळे. नवरा आणि मुलगा (वय 8) ब्रिटिश पासपोर्टवर, मी भारतीय पासपोर्टवर पण माझ्याकडे इथलं आयएलआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी आहे, सासू-सासरे भारतीय पासपोर्ट आणि यूकेचा व्हिजिटर व्हिसा मिळालाय, नणंद आणि भाची अमेरिकन पासपोर्ट. व्हॉट्सअॅपवर रोज कुणी ना कुणी काहीतरी फॉरवर्ड करतं की युरोपला आता ईटियास लागणार, बोटांचे ठसे घेणार, यूकेला ईटीए लागणार, आधी ऑनलाइन रजिस्टर नाही केलं तर विमानात चढू देत नाहीत वगैरे. त्यात सासऱ्यांनी ज्या एजंटकडे चौकशी केली त्याने सांगितलं की शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालतो तो) वेगळा आणि ईटियास वेगळं, दोन्ही लागेल, आणि ईईएसचं प्री-रजिस्ट्रेशन पण आम्हीच करून देतो म्हणून माणशी काही हजार रुपये एक्स्ट्रा मागतोय. सासरे शिक्षक होते, कागदपत्रांच्या बाबतीत एकदम काटेकोर, त्यामुळे ते पैसे भरायला तयारच बसलेत, म्हणतात काही राहायला नको.

अजून एक काळजी. सासूबाईंच्या बोटांचे ठसे नीट येत नाहीत. आयुष्यभर शेतातलं आणि घरातलं काम, रेशनच्या दुकानात पण अंगठा लागत नाही, दर वेळी तीन-चारदा प्रयत्न करावा लागतो. त्यांना आतापासूनच टेन्शन आलंय की तिकडे गोऱ्या लोकांसमोर मशीनवर बोट नाही उमटलं तर परत पाठवतील. कुणी नुकतंच जाऊन आलं असेल तर प्लीज सांगा, आणि शेंगेन व्हिसा त्यांनी भारतातून काढायचा की इथे आल्यावर?

---

पौर्णिमा_स्टुटगार्ट:

ताई, पहिली गोष्ट, त्या एजंटला एक रुपयासुद्धा एक्स्ट्रा देऊ नका. सासऱ्यांना आजच फोन करून सांगा.

ईटियास म्हणजे निघायच्या आधी ऑनलाइन काढायची परवानगी, आणि ती फक्त अशा लोकांसाठी आहे ज्यांना शेंगेनला यायला व्हिसा लागत नाही, म्हणजे ब्रिटिश, अमेरिकन, कॅनेडियन, ऑस्ट्रेलियन असे पासपोर्टवाले. भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतोच, त्यामुळे आपल्याला ईटियासचा काही संबंधच येत नाही, आजही नाही आणि पुढेही नाही. आणि मुळात आत्ता, फेब्रुवारी 2026 मध्ये, ईटियास चालूच झालेलं नाहीये! युरोपियन युनियनने 2026 ची शेवटची तिमाही सांगितलीये, म्हणजे तुमच्या मे महिन्याच्या ट्रिपला तुमच्या नवऱ्याला, मुलाला, नणंदेला, कुणालाच ते लागणार नाही. जे अजून चालूच नाही त्याचा फॉर्म भरून देतो म्हणणाऱ्या वेबसाइट इंटरनेटवर ढिगाने आहेत, युरोपियन युनियनने स्वतः त्याबद्दल सावध केलंय. चालू झाल्यावर फी 20 युरो असेल, 18 च्या खालच्यांना आणि 70 च्या वरच्यांना फुकट, एकदा मिळालं की 3 वर्षं किंवा पासपोर्ट संपेपर्यंत चालेल. पण ते पुढचं पुढे.

ईईएस, म्हणजे सीमेवरची येण्या-जाण्याची नोंद, हे वेगळं प्रकरण आहे आणि ते खरंच चालू झालंय, 12 ऑक्टोबर 2025 पासून. टप्प्याटप्प्याने आणायचं आणि 10 एप्रिल 2026 पर्यंत सगळ्या बाहेरच्या सीमांवर पूर्ण करायचं असं ठरलं, म्हणजे तुम्ही याल तेव्हा ते तुम्हाला लागू होणार हे धरूनच चाला. यात आधी फॉर्म भरायचा नसतो, कसलीही फी नाही, कुणाकडे जायचं नाही. सीमेवर पोचल्यावर पासपोर्टवर शिक्का मारायच्या ऐवजी तुमचं नाव, पासपोर्टची माहिती, चेहऱ्याचा फोटो, बोटांचे ठसे आणि कधी कुठून आत आलात, कधी बाहेर गेलात हे कॉम्प्युटरमध्ये नोंदवतात. एवढंच. काही देशांनी फोनवरून आधी माहिती भरायचं अॅप आणलंय, पण तेही फुकट आहे आणि सक्तीचं नाही.

ठशांबद्दल सासूबाईंना निवांत करा. ज्यांच्याकडे शेंगेन व्हिसा आहे त्यांचे ठसे व्हिसाच्या अर्जाच्या वेळीच भारतात घेतलेले असतात आणि ते व्हिसाच्या सिस्टिममध्ये साठवलेले असतात, त्यामुळे ईईएसमध्ये त्यांचे ठसे परत साठवत नाहीत, फक्त चेहऱ्याचा फोटो घेतात. पडताळणीसाठी बोट ठेवायला सांगू शकतात ते वेगळं. आणि ज्यांचे ठसे शारीरिक कारणाने देताच येत नाहीत त्यांना कायद्यातच सूट आहे, त्यावरून कुणाला परत पाठवत नाहीत. माझ्या सासूबाई डिसेंबरमध्ये आल्या तेव्हा त्यांचेही ठसे धड लागत नव्हते, ऑफिसरने दुसरं बोट ठेवायला सांगितलं, मग फोटो काढला, दोन प्रश्न विचारले (कुणाकडे आलात, किती दिवस) आणि सोडलं. त्यांना इंग्लिश येत नाही, मी आमचा पत्ता, फोन नंबर आणि परतीचं तिकीट एका कागदावर इंग्लिशमध्ये लिहून पासपोर्टमध्ये ठेवलं होतं तेवढं पुरलं. तुम्ही तर सोबतच असणार.

---

ट्रॅव्हलडेस्क_पुणे:

पौर्णिमाताईंनी सगळं बरोबर सांगितलंय. मी पंधरा-एक वर्षं या धंद्यात आहे, आणि आमच्याच धंद्यातले लोक ईटियासच्या नावाने भारतीय पॅसेंजरकडून पैसे घेतायत हे वाचून खरंच राग येतो. म्हातारी माणसं घाबरून पैसे भरतात, त्यांना कोण विचारणार.

आता शेंगेन व्हिसाचं. सासू-सासऱ्यांनी तो भारतातूनच काढायचा, तिकडे पोचल्यावर नाही. नियम असा आहे की तुम्ही ज्या देशात कायदेशीर राहता तिथून अर्ज करायचा. यूकेला ते व्हिजिटर म्हणून येणार, रहिवासी म्हणून नाही, आणि व्हिजिटरला तिथून अर्ज करायचा असेल तर आपल्या देशातून का नाही केला याचं पटेल असं कारण द्यावं लागतं, ते कशाला अंगावर घ्या. तुम्ही स्वतः मात्र यूकेमधून करा, कारण तुमचं राहणं तिथलं आहे. म्हणजे एकाच कुटुंबातले तीन अर्ज, दोन सांगलीकडून आणि एक लंडनमधून, पण प्रवासाचा प्लॅन, हॉटेल, तारखा तिन्ही अर्जांत अगदी एकसारख्या ठेवा.

कुठल्या देशाकडे अर्ज करायचा हे रात्रींवर ठरतं. जिथे जास्त दिवस राहणार तो देश. पॅरिसला तीन रात्री आणि स्विसला चार असतील तर स्वित्झर्लंडकडे अर्ज करायचा, जरी आत पहिल्यांदा फ्रान्समधून शिरणार असलात तरी. दोन्हीकडे सारख्याच रात्री असतील तर पहिला शिरणार तो देश, म्हणजे फ्रान्स. लोक अपॉइंटमेंट कुठली लवकर मिळते ते बघून अर्ज टाकतात आणि मग रिजेक्ट होतो. प्रवासाच्या आधी जास्तीत जास्त 6 महिने आणि कमीत कमी 15 दिवस अशी अर्जाची मुदत आहे, पण मे महिना म्हणजे आपल्याकडचा सुट्टीचा सीझन, स्लॉट मिळायची मारामार असते, त्यामुळे आत्ता फेब्रुवारीतच हालचाल करा. निर्णयाला साधारण 15 दिवस धरा, कधी कधी 45 पर्यंत जातं. फी मोठ्या माणसाला 90 युरो, इन्शुरन्स किमान 30,000 युरोचा लागतो.

आणि सासऱ्यांना विचारा की मागच्या तीन वर्षांत त्यांनी दोनदा शेंगेन व्हिसा घेऊन नीट वापरलाय का. एप्रिल 2024 पासून भारतीयांसाठी नवीन सोय केलीये, तसं असेल तर दोन वर्षांचा मल्टिपल एंट्री व्हिसा मिळू शकतो आणि त्याच्यानंतर पाच वर्षांचा. आपल्या लोकांना याची फारशी माहितीच नाहीये.

---

कृष्णाकाठ_रेडिंग:

केवढं मोठं ओझं उतरवलंत दोघांनी! सासऱ्यांना फोन लावला, त्यांना पटलं, पण म्हणाले की एजंटने छापील कागद दाखवला होता ईटियासचा. मी सांगितलं की कागद खरा असेल पण आपल्यासाठी नाहीये.

नाही, ते सिंगापूरला जाऊन आलेत फक्त, युरोप पहिल्यांदाच. मग नणंदेचं काय? तिला शेंगेनला व्हिसा लागत नाही हे माहितीये, पण यूकेला ईटीए का काय ते लागतं असं नवरा म्हणतोय आणि ती म्हणते अमेरिकन पासपोर्टला काही लागत नाही, इतकी वर्षं नुसतं विमानात बसून येतेय.

---

हौन्स्लोचा_मंदार:

तुमचा नवरा बरोबर आहे. अमेरिकन पासपोर्टवाल्यांना 8 जानेवारी 2025 पासून यूकेला यायला ईटीए, म्हणजे आधी ऑनलाइन काढायची परवानगी, लागते. नणंदेला सांगा की 25 फेब्रुवारी 2026 पासून ते एकदम कडक आहे, ईटीए नसेल तर एअरलाइन चढूच देणार नाही. त्याआधी बरेच लोक तसेच येत होते आणि चालून जात होतं, म्हणून तिला वाटत असेल. फेब्रुवारी 2026 मध्ये फी 16 पाउंड होती माणशी, दोन वर्षं चालतं किंवा पासपोर्ट संपेपर्यंत, त्यात कितीही वेळा या. भाचीचं वेगळं काढायचं, तान्ह्या बाळालाही लागतं, मुलं आईवडिलांच्या ईटीएवर येत नाहीत. यूके सरकारचं अॅप आहे त्याच्यातून करा, बहुतेकांना लगेच मिळतं पण तीन वर्किंग डेज हातात ठेवून अर्ज करा असं ते स्वतःच सांगतात. गूगलवर शोधलं की वर ज्या वेबसाइट येतात त्यातल्या बऱ्याच मधल्या लोकांच्या असतात आणि त्याच ईटीएचे कितीतरी पट पैसे घेतात, तेवढं बघायला सांगा.

सासू-सासऱ्यांकडे यूकेचा व्हिसा आहे, म्हणजे त्यांना ईटीए नको. तुम्हाला नको कारण तुम्ही तिथल्या रहिवासी. नवरा-मुलगा ब्रिटिश नागरिक, त्यांचा प्रश्नच नाही, फक्त त्यांनी ब्रिटिश पासपोर्टच जवळ ठेवायचा, ओसीआय कार्डाचा (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना भारत सरकार देतं त्याचा) इथे काही उपयोग नाही.

आता तुमच्याबद्दल एक, हे कुणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहितोय. तुमचं बीआरपी कार्ड (यूकेत राहण्याच्या परवानगीचं जुनं कार्ड) गेलं आणि आता सगळं ई-व्हिसावर आहे ना? मध्ये भारतीय पासपोर्ट रिन्यू केला असेल तर नवीन पासपोर्टचा नंबर यूकेव्हीआयच्या (यूकेच्या व्हिसा खात्याच्या) अकाउंटमध्ये जाऊन अपडेट केलाय का ते आजच बघा. झुरिकहून परत येताना एअरलाइनवाले तुमची यूकेची परवानगी सिस्टिममध्ये बघणार, आणि तिथे जुना पासपोर्ट जोडलेला असेल तर ऐनवेळी चेक-इनला अडकून बसाल. बायकोच्या ऑफिसातल्या एका मुलीचं असंच झालं, भर सुट्टीत फोनाफोनी करत बसली होती.

---

कृष्णाकाठ_रेडिंग:

बापरे. मी मागच्या वर्षीच पासपोर्ट रिन्यू केलाय आणि अकाउंटमध्ये काही बघितलंच नाहीये!! आत्ताच उघडते.

---

कृष्णाकाठ_रेडिंग:

बघितलं. जुनाच नंबर होता. अपडेटची रिक्वेस्ट टाकली. मंदारदादा, तुमचे कसे आभार मानू कळत नाही.

---

पौर्णिमा_स्टुटगार्ट:

हे छान झालं. आता तुमच्या गँगचं ईईएसपुरतं पासपोर्टप्रमाणे एकदा सांगते म्हणजे गोंधळ नको, कारण तुमच्या बाबतीत सगळी भानगड पासपोर्टवर आहे, माणूस कुठे राहतो किंवा कुठून निघतो त्याच्यावर नाही.

नवरा आणि नणंद: ब्रिटिश-अमेरिकन पासपोर्ट, व्हिसा नाही, म्हणून त्यांचे चार बोटांचे ठसे आणि चेहरा दोन्ही घेणार. गंमत बघा, आपल्याला वाटतं की पॉवरफुल पासपोर्टवाल्यांचं सोपं आणि आपलं अवघड, पण सीमेवरच्या त्या क्षणी त्यांचंच काम जास्त. मुलगा 8 वर्षांचा: 12 वर्षांखालच्यांचे ठसे घेत नाहीत, फक्त फोटो. भाची किती वर्षांची आहे त्याप्रमाणे. तुम्ही आणि सासू-सासरे: व्हिसा बघणार, फोटो घेणार, ठसे व्हिसातल्या ठशांशी ताडून बघू शकतात. एकदा नोंद झाली की ती 3 वर्षं राहते, त्या काळात परत आलात तर सगळं पहिल्यापासून नाही करायचं, नुसतं पडताळतात.

नवऱ्याच्या ब्रिटिश पासपोर्टची इश्यू डेट बघा. आत शिरायच्या दिवशी तो काढून 10 वर्षांपेक्षा जास्त झालेली नसावीत आणि बाहेर पडायच्या तारखेनंतर किमान 3 महिने व्हॅलिड हवा. काही जुन्या ब्रिटिश पासपोर्टांवर दहा वर्षांच्या वर काही महिने जास्त दिलेले असायचे, ते युरोप मोजत नाही, तिथे बरेच जण अडकतात.

आणि हे सगळं तुमचं पॅरिसला नाही, लंडनलाच होणार! युरोस्टारचं फ्रेंच इमिग्रेशन सेंट पॅनक्रस स्टेशनवरच असतं, फ्रेंच पोलिस तिथे बसलेले असतात. त्यामुळे ट्रेनच्या वेळेच्या भरपूर आधी पोचा, युरोस्टार तिकिटावर जी वेळ सांगते तिच्याही आधी. हाफ टर्मची गर्दी, त्यात निम्म्या लोकांची पहिलीच नोंद, त्यात तुमच्यासोबत लहान मूल आणि म्हातारी माणसं. पॅरिसला उतरल्यावर मग काही नाही, सरळ बाहेर. फ्रान्समधून स्वित्झर्लंडला ट्रेनने जाताना पण ईईएस नाही, स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नसलं तरी शेंगेनमध्ये आहे. मग झुरिक एअरपोर्टला बाहेर पडल्याची नोंद. सगळ्या 29 देशांची नोंद एकाच ठिकाणी होते त्यामुळे आत फ्रान्सने घेतलं आणि बाहेर स्विसने सोडलं तरी हिशोब बरोबर जुळतो. आयर्लंड आणि सायप्रस तेवढे यात नाहीत.

---

निवृत्त_अकोला:

मी वाचतोय शांतपणे, एक प्रश्न विचारतो. मुलगी नेदरलँड्सला असते, जूनमध्ये तिचं बाळंतपण आहे, आम्ही दोघं 1 मेला जाणार आणि 31 जुलैला परत, तीन महिने. व्हिसा 90 दिवसांचा मिळाला आहे. यात काही अडचण नाही ना?

---

पौर्णिमा_स्टुटगार्ट:

काका, अडचण आहे! लगेच तिकीट बदला!

तीन महिने म्हणजे 90 दिवस नाहीत. मे 31, जून 30, जुलै 31, झाले 92. आणि आत शिरल्याचा दिवस आणि बाहेर पडल्याचा दिवस दोन्ही मोजतात, अगदी रात्री 11 वाजता उतरलात तरी तो दिवस धरला जातो. 1 मेला उतरलात तर 29 जुलै हा तुमचा नव्वदावा दिवस, त्या दिवशी तुम्ही शेंगेनच्या बाहेर पडलेलेच पाहिजेत.

आधी शिक्के होते तेव्हा ऑफिसरला पानं उलटून मोजावं लागायचं, एखादा शिक्का पुसट असायचा, एखादा मारायचाच राहायचा, आणि एक-दोन दिवस इकडेतिकडे झाले तर लक्षातही यायचं नाही. आता मोजतं ते मशीन. मुदत उलटली आणि बाहेर पडल्याची नोंद नसेल तर नाव आपोआप यादीत येतं, आणि ती माहिती 5 वर्षं राहते. पुढच्या वेळी नातवाला भेटायला व्हिसा मागाल तेव्हा ते समोर येणार. दोन दिवसांसाठी असं कशाला. आणि नव्वदाव्या दिवसाचंही तिकीट काढू नका, फ्लाइट कॅन्सल झाली, तब्येत बिघडली तर हातात तीन-चार दिवस ठेवा.

अजून एक, व्हिसावर दोन गोष्टी लिहिलेल्या असतात त्या नीट बघा. एक म्हणजे कधीपासून कधीपर्यंत हा तारखांचा पट्टा, आणि दुसरी म्हणजे त्या पट्ट्यात किती दिवस राहायची परवानगी. पट्टा बऱ्याचदा मोठा असतो आणि दिवस कमी. लोक पट्ट्याची शेवटची तारीख बघून राहतात आणि तिथेच चुकतं. तुमच्या स्टिकरवर दिवसांच्या रकान्यात 90 आहे ना?

---

निवृत्त_अकोला:

हो, 90 आहे. ताई तुम्ही फार मोठं संकट टाळलंत. मुलीला सांगून तिकीट 25 जुलैचं करून घेतो. एअरलाइन थोडा फरक लावेल, लावू दे.

---

ट्रॅव्हलडेस्क_पुणे:

काका, अगदी बरोबर निर्णय. आणि हे फक्त एका ट्रिपपुरतं नाही, हिशोब मागच्या 180 दिवसांचा असतो आणि तो रोज पुढे सरकतो. म्हणजे जुलैअखेर परत आलात आणि लगेच दिवाळीला परत जायचं म्हटलं तर आधी मोजावं लागेल, 180 दिवस मागे जाऊन त्यात किती दिवस शेंगेनमध्ये होतो ते. युरोपियन युनियनच्या वेबसाइटवर दिवस मोजायचं कॅलक्युलेटर आहे, फुकट आहे, तारखा टाकल्या की सांगतं. मुलीला दाखवा, ती करून देईल.

कृष्णाकाठताई, तुमच्यासाठी पण एक मुद्दा राहिला. तुम्ही एकदाच आत जाऊन एकदाच बाहेर पडणार असाल तर सिंगल एंट्री चालेल. पण स्विसवरून परत आल्यावर पुन्हा कुठे बेल्जियम वगैरेला वीकेंडला जायचा विचार असेल तर अर्जातच दोन किंवा मल्टिपल एंट्री मागा आणि तो बेत प्लॅनमध्ये दाखवा. शिक्का नसल्यामुळे सिंगल एंट्री वापरून झालीये का हे आता एअरलाइनवाले सिस्टिममध्ये विचारून बघतात, तुम्ही काउंटरवर कितीही सांगितलंत तरी उपयोग नाही.

यूकेचा व्हिजिटर व्हिसा सहसा मल्टिपल असतो त्यामुळे सासू-सासऱ्यांना परत लंडनला यायला अडचण यायला नको, तरी त्यांच्या व्हिसावर काय लिहिलंय ते एकदा वाचून घ्या.

---

डोंबिवली_फास्ट:

सगळं उपयोगी आहे, पण मला एक वेगळीच गोष्ट टोचतेय ती बोलतो. आपला चेहरा, आपले ठसे, आपण कधी कुठे गेलो हे सगळं परक्या देशाच्या सर्व्हरवर तीन-तीन वर्षं पडून राहणार, आणि आपण नाही म्हणू शकत नाही, कारण नाही म्हटलं तर प्रवेशच नाही. टुरिस्ट म्हणून दोन दिवस आयफेल टॉवर बघायला गेलेल्या माणसाकडून एवढं घ्यायची खरंच गरज आहे का? आणि सिस्टिमने चुकीची नोंद केली तर सांगलीतले सासू-सासरे काय युरोपात जाऊन भांडणार आहेत?

---

हौन्स्लोचा_मंदार:

प्रश्न योग्य आहे आणि मलाही हे सगळं पूर्ण पटत नाही. पण एक लक्षात घ्या की शेंगेन व्हिसासाठी आपण भारतीय लोक कितीतरी वर्षं ठसे देतोच आहोत, तेव्हा कुणी काही बोललं नाही, आता ब्रिटिश आणि अमेरिकन लोकांचे घ्यायला लागले तेव्हा पेपरात बातम्या आल्या. चुकीच्या नोंदीबद्दल मात्र काहीतरी करता येतं. स्वतःची कुठली माहिती साठवलीये ते मागायचा, चूक दुरुस्त करून घ्यायचा हक्क त्या कायद्यात लिहिलेला आहे. पण हक्क वापरायला पुरावा लागतो. म्हणून मी सगळ्यांना सांगतो की बोर्डिंग पास, ट्रेनची तिकिटं, हॉटेलची बिलं फेकू नका, फोनमध्ये फोटो काढून ठेवा. विशेषतः 10 एप्रिल 2026 च्या आधीच्या काळात, जिथे एका सीमेवर मशीन लागलंय आणि दुसरीकडे अजून नाही, तिथे आत गेल्याची नोंद झाली पण बाहेर पडल्याची नाही असं होऊ शकतं. 10 एप्रिल 2026 पर्यंत शिक्केही मारायचे असं ठरलं, त्याच्या आधी कुणी जाणार असेल तर शिक्का नीट उमटलाय का ते तिथेच बघून घ्या.

---

ठाणे_ते_थायलंड:

इथे युरोपचं चाललंय तरी थोडं विषयांतर करतो, कारण हेच गोंधळ आता सगळीकडे चालू आहेत. ईटियास भारतीयांना लागत नाही म्हणून सगळेच ऑनलाइन फॉर्म खोटे असं समजू नका. थायलंडला 1 मे 2025 पासून टीडीएसी म्हणून डिजिटल अरायव्हल कार्ड आहे आणि ते आपल्यालाही लागतं, व्हिसा नसला तरी. पोचायच्या आधी तीन दिवसांच्या आत भरायचं, पूर्ण फुकट आहे. मलेशियाचं पण तसंच आहे, सिंगापूरचं पण, वरती सासऱ्यांनी सिंगापूर केलंय म्हणताय तर त्यांनी ते भरलेलं असणार. आमच्या ग्रुपमधल्या एकाने थायलंडच्या कार्डासाठी कुठल्यातरी वेबसाइटवर कार्डने पैसे भरले, नंतर कळलं की सरकारी साइटवर काही पैसेच नव्हते. घरच्या वडीलधाऱ्यांचे फॉर्म आपणच बसून भरून द्यावेत, दहा मिनिटांचं काम असतं.

आणि आपल्या देशानेही केलंय हे लक्षात असू द्या, परदेशी नागरिकांना भारतात येताना 1 ऑक्टोबर 2025 पासून ई-अरायव्हल कार्ड भरता येतं, तेही फुकट. कुणाचा जर्मन किंवा अमेरिकन मित्र गणपतीला पुण्यात येणार असेल तर त्याला आधीच सांगा.

---

कृष्णाकाठ_रेडिंग:

सगळ्यांचे मनापासून आभार. आता सगळं डोक्यात नीट बसलं. अपडेट देते: सासऱ्यांनी एजंटचं ते ईटियास आणि ईईएसवालं काम नको म्हणून सांगितलं, व्हिसाचा अर्ज मात्र त्यांचा भाचा कोल्हापुरात बसून ऑनलाइन भरणारे, आणि मी इथून प्लॅन, हॉटेल आणि आमंत्रणाचं पत्र पाठवणारे. चार रात्री स्विसला ठेवल्या म्हणून स्विसकडेच तिन्ही अर्ज. नणंदेने दोघींचं ईटीए काल रात्री काढलं, भाची 13 वर्षांची आहे म्हणजे तिचे ठसे घेणार, ती खूश आहे त्यामुळे! नवऱ्याचा पासपोर्ट 2019 चा आहे, म्हणजे चालेल.

सासूबाईंना फोनवर ठशांचं समजावून सांगितलं. त्यांनी विचारलं, फोटो काढताना टिकली आणि डोक्यावरचा पदर चालतो का? हे मात्र मला सांगता आलं नाही.

---

पौर्णिमा_स्टुटगार्ट:

टिकलीने काही होत नाही. पदर मात्र फोटोपुरता खाली घ्यायला सांगा, चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत मोकळा दिसला पाहिजे, आणि चष्मा असेल तर तोही काढायला लावतात. आमच्या सासूबाईंनी मोठी टिकली लावलेली होती, कुणी काही बोललं नाही. मशीन उंच असलं तर तुम्ही ऑफिसरला सांगून पुढे जाऊन त्यांना नीट उभं करून द्या. आणि सेंट पॅनक्रसला पाणी, औषधं, थोडा खाऊ हातातल्या पिशवीतच ठेवा, रांग मोठी असली तर सासऱ्यांना बसायला लागेल तेव्हा तिथल्या स्टाफला आधीच सांगून ठेवा की सोबत वयस्कर माणसं आहेत. चालायला त्रास होत असेल तर युरोस्टारची मदत तिकीट काढतानाच किंवा नंतर लगेच मागून ठेवा, त्या दिवशी जाऊन मागितली तर मिळेलच असं नाही.

---

कृष्णाकाठ_रेडिंग:

सासऱ्यांच्या गुडघ्याचा त्रास आहेच. आजच मागते मदत.

---

निवृत्त_अकोला:

माझं तिकीट बदलून झालं, 25 जुलै. मुलीने त्या कॅलक्युलेटरवर तारखा टाकून बघितल्या, 86 दिवस येतात. तिच्याच ओळखीच्या एका कुटुंबाचे आईवडीलसुद्धा 3 महिन्यांचं तिकीट काढून बसले होते, तिने त्यांनाही कळवलं आहे.